रिकामा कंस

१

सकाळी आठ वाजून अकरा मिनिटांनी मूत्रपिंडाची वाट पाहणारे तीनशे अठरा लोक पडद्यावरून गेले. त्यांच्या जागी एकच लाल ओळ उरली:

रुग्ण( ) : कन्स्ट्रक्टर अनडिफाइन्ड.

प्रत्यारोपण केंद्राचं काम एवढंच, की दान केलेलं मूत्रपिंड आलं की ते कोणाला द्यायचं हे ठरवायचं. माणसं ठरवत नाहीत, यादी ठरवते. रक्तगट, वय, किती वर्षं वाट पाहिली, तब्येत किती खालावली, या सगळ्याचे गुण रोज बदलतात आणि रोज क्रम बदलतो. नाव छापील यादीतून घ्यायचं आणि त्यावर तीन सह्या हव्यात. आठवणीतलं नाव चालत नाही.

नऊ चाळीसला फोन आला. मूत्रपिंड शीतपेटीत ठेवलं होतं. एक वाजेपर्यंत नाव कळवा, नाहीतर पेटी शेजारच्या केंद्राकडे जाईल.

समन्वयक ताईंनी फोन ठेवला आणि स्वतःच्या डायरीतून, निव्वळ अंदाजाने, रक्तगट जुळणाऱ्या चार जणांना बोलावून घेतलं. दहा वाजता चौघं व्हरांड्यातल्या बाकावर येऊन बसले. प्रत्येकाच्या पायाशी पिशवी होती.

बाकाच्या टोकाला बसलेला माणूस पुस्तकं बांधायचा, म्हणून त्याला सगळे बाइंडर म्हणत. त्याच्या बोटांच्या कडांना सरस लागून वाळलेला होता. सव्वीस दिवसांपूर्वी त्याचा पहिला नंबर लागायला हवा होता. पण त्याच्या नोंदीत रक्तगटाचा रकाना रिकामा राहिला होता, यंत्राने त्याला वगळलं आणि मूत्रपिंड दुसऱ्याला गेलं. रकान्याची गोष्ट त्याच्या बायकोला दोन दिवसांनी कळली. तिने आरडाओरडा केला नाही. तो केला असता तर परवडलं असतं, असं ताई नंतर म्हणाल्या.

आज तिने ताईंना एवढंच विचारलं, "मागच्या वेळी रकाना रिकामा होता. आज काय रिकामं आहे?"

ताई तशाच आत गेल्या. लाल ओळीतला कंस रिकामा होता, हे त्या वेळी त्यांच्या लक्षात आलं नव्हतं.

२

संगणक खोलीच्या प्रमुखांना सगळे मामा म्हणत. बावीस वर्षांच्या नोकरीत एकही दिवस त्यांना घामाघूम झालेलं कुणी पाहिलं नव्हतं. आज शर्ट पाठीला चिकटला होता.

"यादी गेलेली नाही," ते ताईंना तिसऱ्यांदा सांगत होते. "माहिती डिस्कवर शाबूत आहे. ती उभी राहत नाहीये."

"मामा, मला पेशंट हवाय. उभा, बसलेला, कसाही."

"साचा असतो बघा. रुग्णाच्या नोंदीचा साचा. त्यातून एकेक नोंद घडवून बाहेर काढायला एक घडवणारा लागतो, त्याला आम्ही कन्स्ट्रक्टर म्हणतो. तोच कोणीतरी उडवलाय."

"कोणी?"

मामांनी काचेच्या दाराकडे बोट केलं. पलीकडे बैठकीच्या खोलीत एक तरुण प्रोग्रामर एकटाच बसला होता. काम सांगितलं की "उद्या करतो" म्हणायची सवय, म्हणून ऑफिसात त्याचं नाव उद्याराव पडलं होतं. काल त्याचा शेवटचा दिवस होता. आज तो निव्वळ मुक्तता-पत्र घ्यायला आला होता आणि मामांनी बाहेरून कडी लावली होती.

"काल संध्याकाळी पाच वीसला त्याने काहीतरी डिलीट केलंय. बदलवहीत त्याच्याच अक्षरात आहे. एक वाजता पोलिसांना फोन करणार आहे मी."

"पोलीस एकला," ताई म्हणाल्या. "आणि पेटी?"

मग मामांनी जो फोन करायचं दोन तास टाळलं होतं तो केला. दोन वर्षांपूर्वी निवृत्त झालेल्या बाईंना.

बाईंचा हुद्दा तपासनीस होता. दुसऱ्यांनी लिहिलेल्या प्रोग्राममधली खोट काढायची, त्याचा पगार. आपल्या कामातली खोट काढलेली कोणाला आवडते, म्हणून त्यांच्याबरोबर फारसं कोणी जेवायला बसत नसे.

दहा पन्नासला त्या आल्या. डोळ्यांचं ऑपरेशन नुकतंच झालेलं, काळा चष्मा. पडद्याला नाक लावून त्यांनी ती लाल ओळ वाचली.

"मामा, याचा अर्थ काय लावलात?"

"कन्स्ट्रक्टर गायब."

"गायब असं कुठे लिहिलंय? अनडिफाइन्ड म्हणजे व्याख्या नाही. नसणं आणि पुसलं जाणं, यात फरक आहे. तुमच्या डोक्यावर केस नाहीत, म्हणजे कुणी पळवले का?"

कोणी हसलं नाही. मामांचा हात मात्र आपोआप टाळूवर गेला.

"जुनी प्रत लावून पाहिली?"

"रोजची एक, सात दिवसांच्या सात ठेवतो. सगळ्या लावल्या. आठवड्यापूर्वीचीही हीच ओळ दाखवते."

"मग त्या पोराने कालच्या संध्याकाळी आठवड्यापूर्वीचा गुन्हा कसा केला?" बाईंनी विचारलं.

घड्याळात अकरा वाजून चार मिनिटं झाली होती.

३

बाईंनी खुर्ची व्हरांड्याच्या तोंडाशी ओढून घेतली आणि एकेकाला बोलावलं.

आधी वायरमन आला. आज सकाळी आठला त्यानेच मुख्य संगणकाची बॅटरी बदलली होती.

"माझ्यावर नका ढकलू, बाई. मामांच्या परवानगीने बंद केलं, मामांच्या देखत चालू केलं. आम्ही वायर ओढणारे, माणसं नाही ओढत."

"घाबरू नका. मला एकच तारीख हवीये. याच्याआधी हे यंत्र कधी बंद झालं होतं?"

"ते बंद करायला देतात कुठे! महिनाभर मागे लागलो तेव्हा आज मिळालं." त्याने खिशातून चुरगळलेली चिठ्ठी काढली, जुन्या बॅटरीवर डकवलेली. "हे बघा. मागचं बंद, एकेचाळीस दिवस झाले."

बाईंनी चिठ्ठी ठेवून घेतली.

मग नोंदणीच्या खिडकीवरची काउंटरवाली आली. डोळे सुजलेले. सव्वीस दिवसांपूर्वीचा तो रिकामा रकाना तिच्या हातून सुटला होता.

"आज माझ्याकडून काही झालं नाही," ती बसायच्या आधीच म्हणाली. "खरंच नाही. माझा संगणक तर सकाळपासून नीट चाललाय. दोन नवे पेशंट नोंदवले मी."

"नोंदवले? घडले?"

"हो. इकडे पाठवायचे राहिलेत, यंत्र बंद आहे म्हणून. पण माझ्या पडद्यावर आहेत की."

"रक्तगट घातलास?"

"घातल्याशिवाय पुढे जाताच येत नाही आता!" तिच्या आवाजात पहिल्यांदा थोडा जीव आला. "तेवीस दिवस झाले. मामांनी रात्रंदिवस बसून तशी सोयच करून दिली. रक्तगट नाही तर पेशंटच नाही. माझ्यासारखीच्या हातून पुन्हा तसं होऊ नये म्हणून."

मामा मागे उभे होते. "ते वेगळं, बाई. खिडकीचं काम ते. ते चालतंयच, ती सांगतेय ना."

"हो, तेच तर ऐकतेय," बाई म्हणाल्या. "खिडकीवर रुग्ण घडतो, इथे घडत नाही. साचा एकच ना?"

"एकच. दोघं तोच वापरतात."

"म्हणजे घडवणारा आहे. मग या यंत्राला नाही म्हणायला काय झालं?"

बाकावरून बाइंडरची बायको उठून आली. तिने कोणालाच उद्देशून नाही असं विचारलं, "किती वाजले?"

अकरा पंचेचाळीस झाले होते.

४

उद्याराव टेबलावर डोकं टेकून बसला होता. बाई आत आल्या तसा ताठ झाला.

"काल पाच वीसला काय पुसलंस?"

"खाजगी होतं."

"बाळा, बाहेर चार माणसं पिशव्या घेऊन बसलीत. त्यातल्या एकाचं आयुष्य सव्वा तासात दुसऱ्या गावी जाणार आहे. तुझं खाजगी घाल चुलीत."

तो बोटांच्या नखांकडे बघत बोलला. "राजीनाम्याचे खर्डे होते. अकरा. शेवटचा दिला. पहिल्या चारांत मामांना जे जे म्हटलं होतं, ते त्यांच्या हाती लागलं असतं तर मुक्तता-पत्र सोडा, मोक्षच मिळाला असता."

"एवढंच?"

"एवढंच. आणि पुसलं ते नियमाप्रमाणे वहीत लिहिलं, तेच अंगाशी आलं. न लिहिणारे सुटतात." त्याने हनुवटी काचेकडे उडवली. "बाई, ती ओळ मी इथूनच वाचतोय सकाळपासून. मला कोणी विचारतच नाही. कंस रिकामा आहे त्यातला."

"पुढे?"

"पुढे काही नाही. कंस म्हटलं की मामा आलेच, एवढं सुचलं." तो हसला आणि लगेच डोळे पुसले. "नवीन नोकरी सोमवारपासून आहे. पोलिसांत नाव गेलं तर संपलं. आईला अजून सांगितलेलं नाही."

बाईंचं शेवटच्या वाक्याकडे लक्ष नव्हतं. त्या काचेतून लाल ओळीकडे पाहत होत्या.

"गाढवा," त्या हळूच म्हणाल्या, "तुझं सगळं उद्यावर जातं. हे मात्र तू सकाळीच सोडवलं होतंस."

५

बारा दहाला बाईंनी बदलवही मागवली. जाड पुठ्ठ्याची, बाइंडरनेच बांधलेली वही. प्रत्येक पानावर दोनच रकाने आखलेले होते: ‘काढलं’ आणि ‘बदललं’.

"तिसरा कुठे आहे?"

"तिसरा कोणता?" मामांनी विचारलं.

"घातलं."

"भर घालण्याने काय बिघडतं, बाई? पूर्वी एकदा कुणीतरी ओळ काढली आणि दोन दिवस काम बंद पडलं, तेव्हापासून ही वही. जे काढतो, बदलतो, ते लिहितो. नवीन घातलेलं कशाला लिहायचं?"

"म्हणून सकाळपासून तुम्ही काढणारा शोधताय. तुमच्या वहीला दुसरा चोर माहीतच नाही." बाई यंत्रासमोर बसल्या. "प्रोग्रामचा इतिहास उघडा. एकेचाळीस दिवसांपासून आजपर्यंत. रुग्णाच्या साच्यात काय *घातलं* गेलं तेवढंच दाखवा."

मामांनी उघडलं. पडद्यावर एकच नोंद आली. तेवीस दिवसांपूर्वीची, चार ओळींची. घालणाऱ्याच्या नावाच्या जागी मामांचं नाव होतं.

रुग्ण(रक्तगट).

"हा तर घडवणाराच आहे," ताई म्हणाल्या. "मग नाही कसा म्हणतंय?"

"कारण ते याला शोधतच नाही. कंस बघा." बाईंनी लाल ओळीवर बोट ठेवलं. "रिकामा. यंत्राला असा घडवणारा हवाय, जो काहीच मागत नाही. डिस्कवरची नोंद परत उभी करताना ते आधी एक कोरा रुग्ण घडवतं आणि मग त्यात नाव, वय, रक्तगट भरतं. कोरा घडवायचा तर कंस रिकामाच असणार."

"पण तो कोरा घडवणारा पूर्वी होता ना! चाळीस दिवस यादी चाललीच होती!" मामा जवळजवळ ओरडले. "कोणी काढला तो?"

"कोणी लिहिला होता?"

मामांनी वहीचं पान मागे उलटलं.

"आठवून सांगा. ती ओळ तुम्ही लिहिलीत? या पोराने? मी तपासताना वाचली? कुणीच नाही. ती कधी लिहिलेलीच नव्हती, म्हणून ती कधी काढलीही गेली नाही." बाईंनी चष्मा काढला. "घरात एक आत्या असते. न बोलावता येते, काही न मागता स्वयंपाक करून जाते. कुणी तिला नेमलेलं नसतं. मग एक दिवस तुम्ही चांगल्या हेतूने स्वयंपाकाला बाई ठेवता. दुसऱ्या दिवसापासून आत्या येत नाही. भांडण नाही, निरोप नाही. तुमची सोय झाली असं तिला वाटतं. ही भाषा तशीच आहे, मामा. साच्याला घडवणारा नसेल तर ती आपला एक देते, काही न मागणारा. तुम्ही तुमचा एक लिहिलात की ती आपला काढून घेते."

"पण तेवीस दिवस..."

"तेवीस दिवस हे यंत्र बंदच झालं नाही. जुना साचा त्याच्या स्मरणात होता आणि यादी एकदाच, चालू होताना उभी करायची असते. आज वायरमनने बॅटरी बदलली, यंत्राने नवा साचा उचलला आणि आत्याला हाक मारली. खिडकीवर अडलं नाही, कारण तिथे प्रत्येक जण रक्तगट देऊनच घडतो. सात दिवसांच्या प्रतींचा उपयोग नव्हता, त्या सगळ्या तेवीस दिवसांच्या अलीकडच्या."

मामा बसले ते अंदाज चुकून खुर्चीच्या हातावरच बसले.

"मी त्याच्यासाठी केलं होतं," ते म्हणाले. "बाइंडरसाठी. पुन्हा कुणाचा रकाना रिकामा राहू नये म्हणून. तीन रात्री झोपलो नव्हतो."

"माहीत आहे. वाईट हेतूची चूक लवकर सापडते, मामा. तिला लपायला जागा शोधावी लागते. तुमची उघड्यावर बसली होती." बाईंनी कीबोर्ड त्यांच्याकडे सरकवला. "बारा चोवीस. लिहा."

६

मामांनी बोटं कीबोर्डावर ठेवली आणि उचलली. "रिकामा घडवणारा ठेवला तर उद्या पुन्हा कोणीतरी रक्तगटाशिवाय..."

"खिडकीला तो दिसू देऊ नका. फक्त आतल्या यंत्राला वापरता येईल असा ठेवा. दार ठेवा, पण घरच्यांपुरतं."

"कडी काढू का त्या खोलीची?" ताईंनी विचारलं आणि उत्तराची वाट न बघता काढली.

उद्याराव आत येऊन मामांच्या खुर्चीमागे उभा राहिला. मामांची दोनदा एकाच अक्षरावर चूक झाली. तिसऱ्यांदा त्याने वाकून ते अक्षर स्वतःच दाबलं. मामांनी मान वळवली नाही, पण खुर्ची थोडी बाजूला घेतली.

बारा सदतीसला यंत्र पुन्हा चालू झालं. हिरव्या अक्षरांत आकडा चढू लागला. पन्नास. एकशे दहा. दोनशे चार.

तिथे थांबला. लाल ओळ आली.

बाळरुग्ण( ) : कन्स्ट्रक्टर अनडिफाइन्ड.

काउंटरवालीने तोंडावर हात दाबला. ताईंच्या हातातला फोन वाजायला लागला, पलीकडून शीतपेटीवालेच होते.

"बाळरुग्ण म्हणजे लहान मुलांचा साचा," उद्याराव म्हणाला. "रुग्णाच्याच पोटचा. मामा, त्यातही तुम्ही रक्तगट सक्तीचा केलात?"

"केला," मामा म्हणाले. "त्याच रात्री."

"मग आत्या तिथूनही गेली, काचेपलीकडून ऐकलंय मी सगळं. सरका."

"उद्या करतो म्हणालास तर..." बाई म्हणाल्या.

"आज, बाई. आत्ता."

ताई फोनवर सांगत होत्या, "एक वाजायला चौदा मिनिटं आहेत. एक म्हणजे एक. तुमचं घड्याळ पुढे असेल, माझं बरोबर आहे."

बारा एकोणपन्नासला आकडा पुन्हा शून्यापासून निघाला. दोनशे चारला सगळ्यांनी श्वास धरला. दोनशे पाच. तीनशे. तीनशे अठरा.

छपाईयंत्राने कागद ओढून घेतला.

पहिल्या ओळीवर ताईंनी बोट ठेवलं, रक्तगटाचा रकाना वाचला, परत वाचला आणि सही केली. दुसरी सही कार्यालयाच्या डॉक्टरांची झाली. तिसरी मामांची होती, ती कागद फाटेल इतकी दाबून झाली. बारा चोपन्नला नाव कळवलं गेलं.

मामांनी तेवढ्यात दोन गोष्टी केल्या. वहीत पट्टीने तिसरा रकाना आखला, वर ‘घातलं’ लिहिलं आणि खाली पहिलं नाव स्वतःचं घातलं, तेवीस दिवसांपूर्वीच्या तारखेने. मग प्रोग्राममधल्या त्या रिकाम्या कंसाच्या डोक्यावर, पुढच्यांना वाचायला म्हणून, एक ओळ टाईप केली: ‘हा रिकामा आहे, रिकामटेकडा नाही. काढू नये.’

"मुक्तता-पत्र?" उद्यारावाने विचारलं.

"आत्ता देतो. आणि बाई सांगत होत्या, ते पहिले चार खर्डे..."

"पुसले, मामा."

"सापडले तर पाठव. मला वाचायला हवेत."

निरोप द्यायचं काम ताईंचं होतं. पण मामा त्यांच्या आधी व्हरांड्यात पोचले. चौघांनी एकदम वर पाहिलं आणि मामांची नजर बाकाच्या टोकाशी थांबली तेव्हा उरलेल्या तिघांनी आपापल्या पिशव्यांकडे पाहिलं. त्यातला एक म्हातारा बाइंडरचा खांदा थोपटून म्हणाला, "जा रे, जा. आमचं आहेच."

बाइंडरला उठताच येईना. त्याची बायको मात्र उठून उभी होती.

"आज काय रिकामं होतं?" तिने विचारलं.

खोटं बोलायला जागा होती. यंत्राचं कारण सांगितलं असतं तरी चाललं असतं.

"मागच्या वेळी जे रिकामं राहिलं, ते भरायला मी गेलो," मामा म्हणाले. "त्या भरात जे रिकामं हवं होतं तेही बुजवून बसलो. चूक माझी आहे. तुमची संधी आज दुसऱ्यांदा जात होती, माझ्यामुळे."

व्हरांड्याच्या टोकाला, रुग्णालयात न्यायला आलेल्या गाडीवाल्याने हॉर्न दिला.

"मग भाऊ, ही पिशवी उचला," ती म्हणाली. "ह्यांना वजन उचलायची मनाई आहे, आणि माझे हात आता चालत नाहीत."

मामांनी पिशवी उचलली.